पैसा सगळ्यांचा, मग मोजमाप कुणाचं?



बचतगटाच्या बैठकीत, ग्रामसंघाच्या सभेत, महिला मंडळाच्या ओट्यावर एक वाक्य नेहमी कानावर येतं. ‘त्यांचा गट वरच्यांच्या मर्जीतला, म्हणून त्यांना निधी मिळाला.’ कधी असंही ऐकू येतं, ‘आपण मोर्चाला गेलो होतो ना, म्हणून आपला प्रस्ताव मागं पडला.’ कधी हे खरं असतं, कधी नुसता संशय असतो. हातात कागद नसला की खरं काय आणि संशय काय, हे कळायला मार्ग राहत नाही.

संस्था, मंडळं, शाळा, वसतिगृहं यांना सरकारी तिजोरीतून पैसा द्यायचा, तर तो कुणाला द्यायचा? सरकारच्या विचाराचे जे असतील त्यांना, की काम करतील त्या सगळ्यांना? हा प्रश्न आपल्या काळातला नाही. आपल्या महाराष्ट्रात तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी उघडपणे विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरातून मुलींच्या पहिल्या शाळांना पैसा मिळाला. तीच गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. गोष्ट संपल्यावर आपल्या ग्रामसंघाच्या वहीकडंही एकदा बघू.

सुरुवात करू पेशवाईपासून. पुण्यात श्रावण महिन्यात दक्षिणा वाटली जायची. ही चाल मूळची तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांची. त्यांचे चिरंजीव त्रिंबकराव १७३१ साली डभईच्या लढाईत पडले, आणि त्यानंतर दक्षिणेचा हा रिवाज पेशव्यांनी पुण्यात आपल्याकडं घेतला. देशभरातून ब्राह्मण पुण्याला येत. आधी विद्वानांचा मान म्हणून दक्षिणा असे. पुढं दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात सरसकट वाटप होऊ लागलं.

आता हा पैसा यायचा कुठून? तो यायचा शेतसाऱ्यातून. नांगर धरणाऱ्याच्या, खुरपणाऱ्या बाईच्या, रानात राबणाऱ्या पोराच्या घामातून. पण रमण्याच्या दारातून आत जायचं तर जात बघितली जायची. पैसा गोळा करताना सगळे चालत होते, वाटताना एकच समाज चालत होता. त्या काळी हे कुणाला फार वावगं वाटलं नसेल. राजाचा धर्म, राजाचं दान, असं समजलं जाई. तिजोरी राजाची आणि राजाच्या मर्जीनं दान, अशी ती रीत होती.

१८१८ साली पेशवाई गेली. इंग्रजांच्या कंपनीचा कारभार एल्फिन्स्टन साहेबाकडं आला. त्यानं दक्षिणा एकदम बंद केली नाही. पुण्यातले लोक बिथरतील, ही भीती होती. वर्षाला ५०,००० रुपये दक्षिणेसाठी ठेवले गेले, आणि १८२१ साली दक्षिणेच्या पैशातूनच विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढं सरकारनं दक्षिणेच्या यादीत नवी नावं घालणं थांबवलं. जुनी माणसं वारत गेली, तसा दरवर्षी काही पैसा शिल्लक राहू लागला.

या शिल्लक पैशावरून १८४९ साली पुण्यात मोठा वाद पेटला.

शिकलेल्या काही तरुणांनी सरकारला अर्ज केला. त्यात पुढाकार होता गोपाळ हरी देशमुखांचा, म्हणजे लोकहितवादींचा. त्यांचं म्हणणं असं की, शिल्लक राहिलेल्या रकमेतून वर्षाला ३,००० रुपये मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावेत, आणि लिहिणारा कोणत्या जातीचा हे बघू नये. आज हे ऐकायला साधं वाटतं. तेव्हा पुण्यात खळबळ माजली. दक्षिणा घेणाऱ्यांना वाटलं, आपला हक्क चालला. अर्ज करणाऱ्यांमध्ये ब्राह्मण तरुणच बहुतेक होते, तरी त्यांच्यावर त्यांचेच जातभाई खवळले. अर्ज करणाऱ्यांना मारहाण होईल अशी वेळ आली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी दोनशेक माणसं त्यांच्या पाठीशी उभी केली, असं जोतीरावांचे चरित्रकार सांगतात.

अर्ज मान्य झाला. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. आणि याच दक्षिणेच्या फंडातून जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या मुलींच्या शाळांना महिना ७५ रुपये मिळू लागले.

मैत्रिणींनो, इथं थोडं थांबून विचार करा. ज्या पैशाला एकाच समाजाच्या पुरुषांखेरीज कुणाचा हात लागत नव्हता, त्या पैशातून भिडेवाड्यात सुरू झालेल्या कामाला, बुधवार पेठेत, रास्ता पेठेत, वेताळ पेठेत निघालेल्या शाळांना आधार मिळाला. सावित्रीबाईंवर शेण-दगड फेकणारे याच शहरातले होते. गावातल्या वजनदार लोकांचा कौल घेऊन पैसा द्यायचा असं ठरलं असतं, तर या शाळांना एक रुपयाही मिळाला नसता. तपासणी झाली, परीक्षा झाल्या, मुली वाचतात-लिहितात हे लोकांसमोर दिसलं. १८५२ साली विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा शाल देऊन सत्कार झाला, तो याच कामासाठी.

कंपनी सरकार काही आपल्या भल्यासाठी आलेलं नव्हतं. साऱ्याची वसुली किती कडक होती, ते जोतीरावांनीच पुढं लिहून ठेवलं आहे. तरीही या एका गोष्टीत जे झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. जो पैसा एका घराण्याची, एका समाजाची मिरास मानला जाई, तो सार्वजनिक मानला गेला. सार्वजनिक मानला गेला म्हणूनच त्यावर दुसऱ्यांनाही हक्क सांगता आला.

यानंतर काही वर्षांतच नियम कागदावर आला. १८५४ साली इंग्लंडहून शिक्षणाविषयी एक मोठा खलिता आला. वुडचा खलिता म्हणून तो इतिहासाच्या पुस्तकात असतो. त्यात शाळांना अनुदान देण्याची पद्धत सांगितली होती. शाळा कोण चालवतं, मिशनरी की हिंदू की मुसलमान की पारशी, हे बघायचं नाही. शाळेत कोणता धर्म शिकवला जातो यातही सरकारनं हात घालायचा नाही. बघायचं ते एवढंच: गणित, भाषा, भूगोल असलं सर्वांच्या उपयोगाचं शिक्षण नीट दिलं जातं का, शाळा सांभाळायला स्थानिक जबाबदार मंडळी आहेत का, आणि सरकारी तपासनीसाला शाळा तपासू देतात का. मुलींच्या शिक्षणाला मनापासून पाठिंबा द्यावा, असंही त्या खलित्यात होतं.

आज आपण ‘अनुदानित शाळा’ म्हणतो, तिचं मूळ इथं आहे. अनुदान देणाऱ्यानं संस्थेचा विचार तपासायचा नाही, संस्थेचं काम तपासायचं. आणि अनुदान घेणाऱ्यानं तपासणीला दार उघडं ठेवायचं. दोन्ही बाजू त्यात होत्या. ‘आम्हाला पैसे द्या, पण काही विचारू नका,’ असं म्हणायची सोय त्यात नव्हती.

नियम तर चांगला झाला. मग सगळं सुरळीत झालं का? नाही झालं. ते का नाही झालं, हे जोतीरावांनीच दाखवून दिलं.

१८८२ साली सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन नेमलं. पंडिता रमाबाईंनी त्या कमिशनपुढं साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी शिक्षिका हव्यात, डॉक्टर बाया हव्यात, अशी मागणी केली. जोतीरावांनी लेखी निवेदन दिलं. त्यांचा पहिलाच मुद्दा पैशाचा होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हे बरोबर नाही, असं त्यांनी बजावलं. खेड्यातल्या प्राथमिक शाळा वाढवा, बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, असं सांगितलं.

दुसरा मुद्दा आपल्या आजच्या विषयाचा आहे. तेव्हा मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना ‘निकालावर पैसे’ अशी पद्धत होती. तपासनीस येणार, परीक्षा घेणार, जितकी मुलं पास तितकं अनुदान. बघायला गेलं तर किती सरळ नियम! जात नाही, धर्म नाही, ओळख नाही. सगळ्यांना एकच परीक्षा. पण जोतीरावांनी सांगितलं की गरीब, शिक्षणाचा वारा न लागलेल्या लोकांमध्ये ही पद्धत चालणार नाही. तिथं अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही. त्यांच्यात शाळा काढून कुणा मास्तराचं पोट भरणार नाही, म्हणून असा मास्तर मिळणारच नाही. ती गोडी लागेपर्यंत सरकारनं स्वतः शाळा काढाव्यात आणि खास उत्तेजन द्यावं.

ही गोष्ट आपल्या नेहमीच्या भाषेत सांगायची तर अशी. रस्त्यावरच्या गावातल्या गटाला आणि डोंगरावरच्या पाड्यातल्या गटाला एकच अर्ज, एकच तारीख, एकच ऑनलाइन नोंदणी. नियमात कुणाचं नाव नाही, म्हणून तो निःपक्षपाती दिसतो. पण पाड्यावर रेंज नाही, बँक पंधरा किलोमीटरवर, लिहिणारी एकच बाई. नियम सारखा, निकाल ठरलेला. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकलं पाहिजे. पैसा देताना विचार बघू नये, हा निःपक्षपातीपणा. पण कोण कुठून सुरुवात करतंय ते बघावं, हा न्याय. पहिलं असून दुसरं नसेल, तर पुढं असलेलेच पुढं जातात.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांना हाच अनुभव आला. १८९४ साली ते गादीवर आले. त्यांनी शिकणाऱ्या मुलांसाठी सर्वांना खुलं असं वसतिगृह करून पाहिलं. पण नावाला सर्वांचं असलेल्या त्या वसतिगृहात प्रत्यक्षात एकाच समाजाची मुलं राहू लागली. मग त्यांनी वेगळी वाट धरली. प्रत्येक समाजानं आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढावं, चालवायला आपली माणसं पुढं करावीत, आणि दरबारनं जागा, इमारत, वार्षिक मदत द्यावी. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग निघालं, जैन बोर्डिंग निघालं. पुढं मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचं, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली.

शाहू महाराजांना स्वतःची मतं नव्हती असं नाही. वेदोक्ताच्या प्रकरणात त्यांनी किती कडवी झुंज दिली ते आपल्याला माहीत आहे. सत्यशोधक चळवळीला त्यांचा आधार होता, आर्य समाजाबद्दल त्यांना आपुलकी होती. पण मुसलमान बोर्डिंगला मदत देताना त्यांनी ‘आधी सत्यशोधक व्हा’ असं म्हटलं नाही. जैन बोर्डिंगला जागा देताना आर्य समाजाची अट घातली नाही. राज्यकर्त्याला मत असतं, असावंही. त्या मताचा शिक्का अनुदानाच्या कागदावर उमटू नये, एवढंच बघायचं असतं.

या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेला एक मुलगा पुढं कर्मवीर भाऊराव पाटील झाला. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग उघडलं, त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. तिथं सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला जेवत. लक्ष्मीबाई, म्हणजे पोरांच्या वहिनी, सगळ्यांचं हवं-नको बघत. पोरांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. आपल्यापैकी कितीजणींची मुलं-नातवंडं आज रयतच्या शाळेत शिकतात!

या संस्थेचं पुढं काय झालं, ते आमच्या मते आजच्या विषयाचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. १९४८ साल. देश स्वतंत्र झालेला, गांधीजींचा खून झालेला, सातारा भाग पेटलेला. त्या काळात भाऊरावांनी सरकारवर जाहीर टीका केली. त्याचा राग येऊन मुंबई सरकारनं रयत शिक्षण संस्थेचं अनुदान थांबवलं. भाऊरावांना लोकांपुढं हात पसरावे लागले, खेड्यापाड्यातल्या माणसांनी जमेल ते दिलं. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडं शब्द टाकला, आणि मग ते पुन्हा सुरू झालं, असं सांगितलं जातं.

हे सरकार परक्यांचं नव्हतं. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसांचं होतं. खेर स्वतः सज्जन म्हणून नावाजलेले. तरीही असं घडलं. भाऊरावांचं बोलणं बरोबर होतं की चूक, यावर तेव्हाही दोन मतं असतील. पण अनुदान भाऊरावांच्या भाषणासाठी नव्हतं. ते पोरांच्या शिक्षणासाठी होतं. बोलणारा एक, आणि पाटी-पुस्तकाची ओढाताण झाली ती ज्यांनी भाषण ऐकलंही नव्हतं अशा पोरांची. आणि आणखी एक बघा. गाडगे महाराजांसारखा संत मध्ये पडला म्हणून काम झालं. ज्या संस्थेच्या पाठीशी कुणी गाडगे महाराज नाही, तिनं काय करायचं? मोठ्या माणसाचा शब्द लागू नये, नियमानंच काम व्हावं, असं म्हणायचं ते यासाठी.

१९५० साली राज्यघटना लागू झाली. तिच्यात या विषयावर थोडक्या पण पक्क्या ओळी आहेत. कलम २७ सांगतं की, एखाद्या विशिष्ट धर्माचा प्रसार करण्यासाठी म्हणून कुणावर कर लादता येणार नाही. कलम ३० सांगतं की, शिक्षणसंस्थांना मदत देताना ती अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे एवढ्या कारणानं सरकारनं भेद करायचा नाही. म्हणजे दोन्हीकडून कुंपण घातलं. जनतेचा पैसा एका धर्माच्या प्रचाराला जाऊ नये, आणि चालवणारा कोणत्या धर्माचा यावरून चांगल्या शाळेचा पैसा अडू नये.

१९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ सुरू झालं. त्याच्या पहिल्या अध्यक्ष दुर्गाबाई देशमुख. मूळच्या आंध्रच्या, स्वातंत्र्यसैनिक, घटना समितीच्या सदस्य, आणि आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चिंतामणराव देशमुखांशी लग्न करून महाराष्ट्राच्या सूनबाई झालेल्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांना मदत म्हणून ४ कोटी रुपये ठेवले होते. ते वाटताना नुसतं सरकारी खातं नको, समाजात काम केलेली माणसंही हवीत, म्हणून हे मंडळ. बालवाड्या, शिवणवर्ग, निराधार बायांसाठीची घरं चालवणाऱ्या कितीतरी महिला मंडळांनी आयुष्यातला पहिला सरकारी धनादेश या मंडळाकडून घेतला.

पण नियम असले म्हणून राग-लोभ संपत नाहीत. १९८२ साली केंद्र सरकारनं कुदाल आयोग नेमला. गांधी शांती प्रतिष्ठान, गांधी स्मारक निधी, विनोबांच्या विचारानं चालणारा सर्व सेवा संघ अशा संस्थांच्या कारभाराची आणि पैशांची चौकशी करायला हा आयोग होता. या संस्थांतली बरीच माणसं जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनात होती. म्हणून ही चौकशी हिशोबाची नसून सूडाची आहे, असं अनेकांनी म्हटलं. सरकार म्हणत होतं की, पैसा घेणाऱ्या संस्थेला हिशोब विचारणं यात गैर काही नाही. वर्षानुवर्षं हे चाललं. त्या काळात संस्थांची माणसं काम करायची सोडून कागद जमवत बसली.

यातून आपण काय घ्यायचं? हिशोब विचारणं चूक नाही. ज्यांनी सरकारचा पैसा घेतला, त्यांनी तो दाखवलाच पाहिजे. पण हिशोब सगळ्यांना विचारावा. सरकारच्या बाजूनं बोलणाऱ्यालाही आणि विरुद्ध बोलणाऱ्यालाही, त्याच तारखांना, त्याच नमुन्यात. फक्त विरुद्ध बोलणाऱ्याच्याच दाराशी तपासनीस आला, तर त्या तपासणीवर कुणाचा विश्वास बसणार?

काहीजणी म्हणतील, सरकारनं आपल्या विरोधात बोलणाऱ्यांना पैसा का द्यावा? प्रश्न रास्त आहे. त्यासाठी आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. दारूबंदीचं. महाराष्ट्रात गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी बाटली आडवी केली, तर गावातलं दारूचं दुकान बंद होऊ शकतं. दारूवरच्या करातून सरकारला उत्पन्न मिळतं. म्हणजे दुकान बंद करायला निघालेल्या बाया एका अर्थी सरकारच्या उत्पन्नाविरुद्ध उभ्या असतात. मग त्याच बायांच्या गटाला शिलाईच्या प्रशिक्षणाचा निधी मिळू नये का?

चंद्रपूर जिल्ह्याचं बघा. २०१५ साली तिथं सरकारनं दारूबंदी केली. २०२१ साली सरकारनंच ती उठवली. विचार बघून निधी द्यायचा ठरवलं, तर बंदीची मागणी करणारा गट २०१५ ला ‘चांगला’ आणि २०२१ ला ‘वाईट’ ठरेल. बाया त्याच, शिलाई मशीन तेच, हिशोबाची वही तीच. बदललं फक्त मंत्रालयातलं मत. सरकारचं मत बदलतं, सरकारही बदलतं. आज ज्यांना दुसऱ्याचा निधी अडला म्हणून बरं वाटतं, उद्या त्यांच्यावरही तीच वेळ येते. म्हणून नियम असा हवा, की जो आपल्या आवडत्या सरकारच्या हातातही चालेल आणि नावडत्या सरकारच्या हातातही.

अर्थात मर्यादा आहे. सरकारी निधीतून पक्षाचा प्रचार नको, धर्माचा प्रसार नको, कुणाविरुद्ध द्वेष पसरवणं तर मुळीच नको. ज्या कामासाठी पैसा दिला, त्याच कामाला तो लागला पाहिजे. पण कामाच्या वेळेबाहेर गटातली बाई कोणत्या सभेला जाते, कुणाला मत देते, कोणता देव मानते किंवा मानत नाही, हे निधीच्या अर्जात यायचं कारण नाही.

न्यायालयानंही या बाबतीत दिशा दिली आहे. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयापुढं एक खटला आला. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचा ठेका द्यायचा होता. जाहिरातीत अनुभवाची एक अट होती. ठेका दिला तो ती अट पुरी न करणाऱ्याला. न्यायालयानं सांगितलं की, सरकारी यंत्रणा काही लाभ वाटते तेव्हा ती आपल्या मर्जीनं वागू शकत नाही. जी अट तिनं स्वतः जाहीर केली, ती पाळायला ती बांधलेली आहे. खटला होता चहा-नाश्त्याच्या ठेक्याचा, पण त्यातलं तत्त्व अनुदानालाही लागू पडतं. रमण्यातली दक्षिणा राजाच्या मर्जीची होती. आजचा निधी मर्जीचा नाही.

आता आपल्या वहीकडं वळू. ‘उमेद’मधल्या गटांना पंचसूत्री तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, हिशोबाच्या अद्ययावत नोंदी. फिरता निधी देताना गटाचं मूल्यमापन यावर होतं. यातल्या एकाही सूत्रात ‘तुमचा पक्ष कोणता’ असं नाही. पाचही सूत्रं कामाची आहेत आणि वहीत दिसणारी आहेत. १८५४ च्या खलित्यातली रीत आपल्या वहीत अशी येऊन बसली आहे. म्हणून वही नीट ठेवणं हे काही नुसतं सीआरपी ताईंना दाखवायचं काम नाही. उद्या कुणी मर्जीनं निधी अडवला, तर आपल्या बाजूनं बोलणारा पहिला साक्षीदार ती वही असते.

निधी अडला तर आधी लेखी अर्ज करून कारण विचारा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या कायद्यानुसार साध्या कागदावर अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला दाखला जोडला की फी नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर अपील करता येतं. विचारायचं काय? निकष कोणते होते, कोणत्या गटांना निधी मिळाला, त्यांचे गुण किती, आपले किती, आणि आपल्याला नाकारण्याचं कारण काय. सरकारकडून मोठं अर्थसाहाय्य घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थांनाही हा कायदा लागू होतो. म्हणजे आपण सरकारला विचारतो, तसं आपल्यालाही कुणी विचारू शकतं.

शेवटी एक अवघड गोष्ट बोलायला हवी. ग्रामसंघाच्या हातात समुदाय गुंतवणूक निधी येतो, तेव्हा त्या पैशापुरतं सरकार आपणच असतो. कोणत्या गटाला आधी द्यायचं हे आपण ठरवतो. तेव्हा काय होतं? गेल्या निवडणुकीत समोरच्या पॅनेलला मत दिलेल्या गटाचा सूक्ष्म नियोजन आराखडा खाली सरकतो का? वस्तीवरच्या बायांची वही अपुरी आहे म्हणून त्यांना बाजूला ठेवतो, की त्यांना वही लिहायला शिकवतो? एकल बायांच्या गटाला उशीर झाला, तर त्यांचा अर्ज परत करतो, की उशिराचं कारण विचारतो? वरच्या कार्यालयाकडून आपल्याला जी वागणूक हवी, तीच वागणूक आपल्याकडून खालच्या वस्तीला मिळते का?

पुढच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या, असं आम्हाला सुचवावंसं वाटतं. निधीवाटपाचा ठराव करताना निकष आधी लिहा, नावं नंतर लिहा. निकष सगळ्यांसमोर वाचून दाखवा. ज्यांना या खेपेला मिळालं नाही, त्यांच्या नावापुढं कारण लिहा आणि पुढच्या खेपेसाठी त्यांना काय करावं लागेल तेही लिहा. ज्यांचं आपल्याशी पटत नाही अशा गटातल्या एखादीला वाटपाच्या समितीत घ्या. भांडण थोडं वाढेल, पण संशय कमी होईल.

दक्षिणेचं दार मुलींच्या शाळांना उघडलं ते कुणी दयाळू झालं म्हणून नाही. हा पैसा सगळ्यांचा आहे, असं काही माणसांनी लेखी मांडलं आणि मार खायची भीती असतानाही अर्ज मागं घेतला नाही, म्हणून उघडलं. त्या ७५ रुपयांतून शिकलेल्या मुलींची नावं बहुतेक आपल्याला माहीत नाहीत. पण आज आपल्या गटाच्या वहीवर सही करणारी प्रत्येक बाई त्यांच्या मागून आली आहे. आपल्या वाटपाच्या ठरावावर सही करताना तेवढी आठवण ठेवू.